पंख उघडतात तिकडे

तुम्ही टायरचं विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर ही गोष्ट मी सहसा काढत नाही. बसा आरामात. तो कोपऱ्यातला कंदील तेवढा तसाच राहू द्या. डोक्यावर बल्ब आहे हे मलाही दिसतंय, पण त्याचा भरवसा नाही. का नाही, ते ओघानं येईलच.

माझी रोपवाटिका तुम्ही येताना पाहिलीतच. रोपं, कुंड्या, खताची पोती, सगळं माझ्या पिकअपमधून जातं आणि ती मीच चालवते. त्या वर्षी तिचे टायर इतके गुळगुळीत झाले होते की त्यांच्यात बघून भांग पाडावा. खाली सपाटीवर त्यानं माझं काही अडत नव्हतं. अडत होतं ते काकांपाशी.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आईवडील लवकर गेले, तेव्हा मला आणि माझ्या भावाला काका-काकूंनीच वाढवलं. वर डोंगरावर पाण्याची मोठी टाकी आहे, तिथून खालच्या वस्त्यांना पाणी येतं. तिची राखण करण्यात काकांचा जन्म गेला. टाकीला लागूनच त्यांचं घर. नोकरी संपली, टाकी बटणावर चालायला लागली, काकू वारली, तरी काका तिथून हलेनात. प्रकृती ठणठणीत असती तर मी चकार शब्द काढला नसता. पण त्यांच्या हृदयाला एकदा झटका येऊन गेला होता, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुढच्या वेळी लगेच दवाखाना गाठता आला नाही तर आमच्या हातात काही राहणार नाही. वरचा कच्चा रस्ता पावसाळ्यात खचतो. मग काही महिने कुणी वर जात नाही की खाली येत नाही. म्हणजे पाऊस लागायच्या आत काका खाली आले नाहीत, तर... त्या 'तर'च्या पुढे माझा विचारच जात नव्हता.

आणि काका ऐकतील तर शपथ! "ही यायची आणि घरात कुणीच नसायचं," म्हणायचे. ही म्हणजे काकू. जिला जाऊन दोन वर्षं झाली होती, ती.

शेवटी मी रडले. चांगलं भोकाड पसरून रडले. तेव्हा कुठे काका नमले, पण अट घालून. "तुझी गाडी कुणी न ढकलता फाटकापर्यंत आली, तर मी तिच्यात बसेन." झटका यायच्या आधीच्या एका खेपेला माझी गाडी त्यांच्या चढावर रुतली होती. काकांनी मागून रेटा दिला आणि चाकानं उडवलेला चिखल थेट त्यांच्या कवळीत गेला. तेव्हापासून माझ्या गाडीबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. ती काही चढत नाही, याची खात्री होती म्हणून तर ती अट!

मग काय, टायर घ्यायला निघाले. सोबत धाकटा भाऊ. त्याला आमच्या घरात सगळे 'तज्ज्ञ' म्हणतात. जगात अशी एकही वस्तू नाही की जिच्याबद्दल त्यानं मोबाइलवर काहीतरी पाहिलेलं नाही.

टायरवाल्याचं दुकान म्हणजे टायरांची भुयारं. आत कुठेतरी तो स्वतः बसलेला असतो, आधी आवाज येतो आणि मग माणूस सापडतो. मी म्हटलं, चिखलात चालतील असे टायर दाखवा. तो म्हणाला, "ताई, आधी हे सांगा, गाडी चिखलात किती आणि डांबरावर किती?"

"रोज डांबरावर. चिखलात अधूनमधून. पण तेव्हा चढलीच पाहिजे."

"मग निव्वळ चिखलाचे घेऊ नका. डांबरावर असे घोंगावतील की तुम्हाला स्वतःचा विचार ऐकू येणार नाही. ऑल टेरेन घ्या. सगळीकडे बऱ्यापैकी चालतो."

"चिखलात भारी, डांबरावर गप्प, असा एखादा नाही का?" तज्ज्ञानं विचारलं.

"आहे की. पण तो अजून कुणी बनवलेला नाही," टायरवाला शांतपणे म्हणाला.

पुढच्या वेळी उपयोग होईल म्हणून सांगते. नक्षी बघून हुरळून जाऊ नका. आधी टायर वजन किती पेलतो ते बघा, कारण पिकअप ही काही मिरवायची गाडी नव्हे. बाजूवर तो कधी बनला त्याचे आकडे असतात, ते वाचा. दुकानात पडून पडून म्हातारा झालेला टायर तुमच्या गळ्यात मारू देऊ नका. आणि स्टेपनीही त्याच जातीची घ्या. चार नवे घेऊन पाचवा जुनाच लटकवणारे लोक नेमके त्या पाचव्याच्या जिवावर घरी येतात.

या सगळ्यातून दोन टायर उरले. एकाची नक्षी ठोकळ्यांची. दुसऱ्याच्या मधोमध एक टोक आणि तिथून दोन्ही बाजूंना तिरप्या पट्ट्या निघालेल्या, पक्ष्यानं पंख उघडावेत तशा. ती नक्षी बघितली आणि मला काकूची इतकी आठवण झाली की दुकानातच डोळे भरून आले. टायर बघून रडणारं गिऱ्हाईक त्या माणसानं पहिल्यांदाच पाहिलं असणार.

काकूला ऐकू येत नव्हतं. तरुणपणीच कान गेले होते तिचे. गाडी आली-गेली तिला कळायची नाही, म्हणून ती रस्ता वाचायची. रोज संध्याकाळी फाटकापासून पायरीपर्यंतचं अंगण झाडून पाटीसारखं कोरं करायची आणि मग त्यावर जे उमटेल ते बघत राहायची. जीप आली, सायकल गेली, काका चप्पल न घालताच बाहेर पडले, सगळं तिला मातीवरून कळे. मला तिनंच शिकवलं होतं. टाकीवर ट्रॅक्टर यायचा, त्याच्या ठशात असेच पंख असायचे. ती बोट ठेवून दाखवायची, "हे टोक मागं राहतं आणि पंख पुढं उघडतात. पंख उघडतात तिकडं गाडी गेली." माझा भाऊ तेव्हा शेजारीच बसलेला असायचा आणि ढगांकडे बघत असायचा.

"हेच द्या," मी म्हटलं.

चाकं बसवताना मी आत स्टेपनीचे आकडे वाचत होते आणि तज्ज्ञ बाहेर कारागिराच्या डोक्यावर उभा होता. एवढं लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डोंगर चढलो. आदल्या रात्री वळवाची सर येऊन गेली होती, त्यामुळे शेवटच्या चढावर नुसता रबडा. गाडी थोडी कुरकुरली, एकदा मागून घसरलीही, पण चढली. वर गाडी वळवायला जागा नाही, म्हणून सरळ तोंडानंच फाटकातून आत शिरले आणि पायरीपाशी थांबले.

काका पायरीवर उभे होते. माणूस इतका खट्टू झालेला मी क्वचित पाहिलाय.

"ढकलली नाहीस?"

"नाही."

"हा उतरला होता का मध्ये?"

"काका, मी पूर्ण वेळ आतच होतो," तज्ज्ञ म्हणाला. "टायरची निवड माझी. मग?"

काका बराच वेळ चाकांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शब्द दिलाय. चला, भरा सामान." आणि आत गेले. मला इतकं हायसं वाटलं की मी स्टिअरिंगवर डोकं टेकून तशीच बसले.

सामान भरेपर्यंत डोंगरावर ढग उतरला. तुम्ही कधी ढगात सापडला आहात? अंधार पडत नाही, पण उजेडही राहत नाही. समोरची टाकी दिसेनाशी झाली. पाखरं एकदम गप्प झाली. बारीक ओला वास घरात शिरला आणि आम्ही भर दुपारी दिवा लावला.

मी आतल्या खोलीत काकांचे कपडे घडी करत होते. काका औषधांच्या बाटल्या एका डब्यात भरत होते. तज्ज्ञ न्हाणीघरात चिखल धूत होता. तिथून त्याची हाक आली.

"ताई, पाणी गेलं! माझ्या तोंडाला साबण आहे!"

"पाण्याच्या टाकीला लागून घर आणि पाणी गेलं?" मी म्हटलं. "नळ दुसऱ्या बाजूला फिरव."

काका हसले नाहीत. हातातली बाटली तशीच धरून ते ऐकत होते. स्वयंपाकघराची खिडकी लागल्याचा आवाज आला. आधी एक झडप, मग दुसरी, मग खिटी.

"वारा आहे," मी म्हटलं.

"वारा खिटी लावतो का?" काका हळूच म्हणाले.

मग मधल्या खोलीची खिडकी. एक झडप... दुसरी... खिटी. मग आम्ही होतो त्या खोलीत एक उग्र वास आला. तो वास मी झोपेतसुद्धा ओळखला असता. काकू कानात औषध घालायची, त्याचा तो वास. तो माझ्या अगदी जवळून गेला, काकांच्या अंगावरून गेला, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्या खोलीच्या खिडकीची एक झडप सावकाश लागली. मग दुसरी. खिटी फिरली.

साबणाचं तोंड घेऊन तज्ज्ञ दारात येऊन उभा राहिला होता. त्या अर्धवट उजेडात तो पांढरा फटफटीत चेहरा बघून मी जी किंकाळी मारली, ती त्या दिवसातली सगळ्यात मोठी किंकाळी होती, आणि ती जिवंत माणसाला बघून मारलेली होती.

"आधी नळ..." काका पुटपुटत होते. "मग खिडक्या. गावाला जायचं असलं की ती अशीच घर बंद करायची. आधी टाकीकडचा नळ, मग खिडक्या, मग मेन स्विच, मग..."

दिवा गेला.

"...मग कडी," काका म्हणाले.

आणि बाहेरून दाराची कडी लागली. जुनी लोखंडी कडी होती, सरकताना कण्हायची. कण्हली.

आम्ही तिघं काळोखात एकमेकांचे हात धरून उभे. माझी पाचावर धारण बसली होती. तज्ज्ञाचा हात साबणामुळे सारखा निसटत होता आणि तो सारखा परत पकडत होता. काका मात्र दाराशी धावले आणि थापा मारायला लागले.

"अगं, मी घरातच आहे! अगं, ऐकतेस का?"

"काका..." तज्ज्ञ कुजबुजला. "काकूला ऐकू कुठे येतं...?"

काकांचे हात थांबले. "आयुष्यभर आलं नाही," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, निदान आता तरी येत असेल."

ते खाली बसले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "माझ्या अंगावरून गेली, पोरी. दोन वर्षं वाट बघतोय मी. आली, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जसं काही घरात कुणी नाहीच."

भीती विसरून मला एकदम भडभडून आलं. आणि त्याच्या पाठोपाठ धास्ती वाटली ती त्यांच्या हृदयाची. हे असं आणखी काही वेळ चाललं तर ज्या झटक्याच्या भीतीनं यांना न्यायला आले तो इथेच यायचा. बाहेर पडणं भाग होतं. खिडक्यांना गज. उरला न्हाणीघराचा झरोका. त्यातून जाण्यासारखा आमच्यात एकच.

"मीच का?" तज्ज्ञ म्हणाला.

"तुझ्या अंगाला साबण आहे."

आम्ही त्याला उचलून झरोक्यात घातला. तो कमरेपर्यंत गेला आणि अडकला. आतले पाय आमच्या ताब्यात, बाहेरचा भाग कुणाच्या ताब्यात आहे या विचारानं तो देवाला नुसत्या हाका मारत होता. शेवटी काका म्हणाले, "मागून ढकलायची सवय आहे मला," आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी एक रेटा दिला. तज्ज्ञ बाहेर धप्पकन पडला.

मग शांतता.

"अरे, आहेस ना?" मी हाक मारली.

"ताई..." त्याचा आवाज घराच्या पुढच्या बाजूनं आला, आणि तो भलताच बारीक झाला होता. "ताई... अंगण झाडलंय कुणीतरी."

कडी कण्हली, दार उघडलं. आम्ही पायरीवर आलो.

अंगण कोरं होतं. पाटीसारखं. खराट्याच्या फराट्यांवर फराटे, फाटकापर्यंत. आमच्या येण्याजाण्याची पावलं पुसून गेली होती. फक्त गाडीच्या चाकांचे दोन पट्टे तेवढे राखले होते, दोन्ही बाजूंनी जपून झाडलेले, वाचायला ठेवल्यासारखे. खराटा भिंतीला टेकलेला होता आणि त्याच्या टोकाला ओली माती होती.

मी उतरून त्या पट्ट्यांपाशी उकिडवी बसले. काकू शिकवायची तसं बोट ठेवलं. टोक... पंख... मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पंख फाटकाकडे उघडत होते. रस्त्याकडे. आम्ही आत आलो होतो आणि माती म्हणत होती, गाडी बाहेर गेली.

"हे असं कसं?" मी म्हटलं. "चाकं उलटी आहेत ही!"

तज्ज्ञानं घसा साफ केला.

"कारागीर म्हणत होता तसं," तो म्हणाला. "बाजूवर बाण असतो, त्या बाणाच्या दिशेनं चाक फिरायला हवं म्हणे. पण मी म्हटलं, तसं लावलं तर मातीत ठसा मागे टोक करून उमटेल. गाडी पुढे आणि टोक मागे, हे दिसायला तरी बरं दिसतं का? मी डाव्या बाजूची उजवीकडे लावायला लावली आणि उजव्या बाजूची डावीकडे. तो म्हणाला, गाडी तुमची आहे."

मी त्याला काय काय बोलले ते इथे सांगत नाही, काका आत झोपलेत. पण बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं आणि मी थांबले. काकांच्या लक्षात माझ्या आधीच आलं होतं.

"म्हणजे ती फाटकाशी आली," काका सावकाश म्हणाले. "माझ्याकडे बघितलं नाही तसं गाडीकडेही नाही, नुसते ठसे वाचले. तिला वाटलं, पोरगी आली आणि याला घेऊन गेली. घर उघडं टाकून. म्हणून तिनं घर बंद केलं." त्यांनी वाकून त्या पंखांवर बोट ठेवलं. "तिला वाटलं, मी न सांगता गेलो."

"आता निघूच, काका," मी म्हटलं. "अंधार पडायच्या आत."

"आणि जाताना काय उमटेल?"

मी मातीकडे बघितलं. बाहेर पडून गाडी वळवली की रस्त्यावर उमटणार होतं, गाडी घराकडे आली. म्हणजे उद्या काकू फाटकाशी येणार, काका परत आले असं वाचणार, आणि त्या रिकाम्या घरात त्यांना शोधत बसणार. पावसाळाभर.

"खोटं सांगून मी जाणार नाही," काका म्हणाले. "चाकं फिरवा."

त्या ढगात, त्या अंगणात, आम्ही चारही चाकं काढली. डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. मी जॅक मारत होते, तज्ज्ञ नट सोडत होता, काका पायरीवर बसून ते नट आपल्या टोपीत सांभाळत होते. तज्ज्ञ दर थोड्या वेळानं मागे वळून बघायचा. "इकडे बघ," मी म्हणायचे. "तिकडे तिला करायचंय ते ती करेल." पण खरं सांगते, जॅक मारता मारता मीही मान वळवून बघत होते. कारण मधूनच तो औषधाचा वास यायचा, अगदी मानेपाशी, एखादं माणूस वाकून आपलं काम बघत असावं तसा.

चाकं बसली. काकांच्या सांगण्यावरून मी गाडी मागे मागे फाटकाबाहेर नेली. तज्ज्ञानं अंगण झाडलं, आणि मी पुन्हा तोंडानं आत आणली. या वेळी पंख घराकडे उघडले. आम्ही गाडीतच बसून राहिलो. आधी न्हाणीघरात नळाचं पाणी बादलीत पडायला लागलं. मग एकेक खिडकी उघडली. मग घरात दिवा लागला.

काका उतरून एकटेच आत गेले. बाहेर आले तेव्हा चेहरा स्वच्छ धुतल्यासारखा दिसत होता.

"सांगितलं तिला," म्हणाले.

"ऐकू येत नाही ना पण?"

"खुणा करून. आमचं सगळं खुणांवरच चालायचं."

"दिसली तुम्हाला?" तज्ज्ञानं भीत भीत विचारलं.

"नाही. पण समोर दिसल्याशिवाय बायकोशी बोलता येत नाही असं थोडंच आहे?"

दार त्यांनी उघडंच ठेवलं. "कडी ती लावेल," म्हणाले. मी गाडी मागे मागे फाटकाबाहेर काढली, तज्ज्ञानं अंगणातले ठसे झाडून टाकले, आणि थोडं खाली रुंद जागा होती तिथे मी ती वळवली. मागे ढगात कडी कण्हली.

"सावकाश चालव," काका म्हणाले. "ठसे नीट उमटू देत."

तेव्हा मला कळलं की हे प्रकरण डोंगराखाली संपणार नाही. कच्चा रस्ता संपला आणि डांबर लागलं तसे काका अस्वस्थ झाले. डांबरावर ठसा कसा उमटणार? मग घरापर्यंत मी एका बाजूची चाकं कडेच्या मातीत ठेवून गाडी चालवली. मागून सगळी वाहनं भोंगे वाजवताहेत, जाणारा-येणारा हात करून विचारतोय की बाई, तुम्हाला बरं वाटतंय ना, आणि तज्ज्ञ मागे काकांच्या सामानावर बसून दर वळणाला ओरडतोय, "उमटतायत! उमटतायत!" नवे टायर घेऊन इतकी वाईट गाडी चालवणारी बाई त्या रस्त्यानं पाहिली नसेल.

घरी पोचलो तेव्हा मी इतकी दमले होते की फाटकाबाहेरच किल्ली तज्ज्ञाकडे टाकली, काकांना त्यांची खोली दाखवली आणि आडवी झाले. डोळा लागताना एकच गोष्ट मनात होती. काका खाली आले. आता पडू दे पाऊस हवा तेवढा.

सकाळी उठले तर घरात काळोख. वाटलं, लवकर जाग आली. मग लक्षात आलं की सगळ्या खिडक्या लागलेल्या आहेत. रात्री उकडत होतं म्हणून मी त्या स्वतः उघड्या टाकल्या होत्या. बटण दाबलं, दिवा नाही. नळ सोडला, पाणी नाही. दाराशी गेले. दार बाहेरून बंद.

मी किती वेळ त्या दारापाशी उभी होते कुणास ठाऊक. मग मागून काकांचा आवाज आला. ते काळोखात खुर्चीत बसले होते, अंघोळ न करताही अगदी प्रसन्न.

"आली गं, पोरी," ते म्हणाले. "बरोब्बर आली. आता फक्त तिला कळलं पाहिजे की आपण घरात आहोत."

मी फळीच्या फटीतून बाहेर बघितलं. रोपवाटिकेचं अंगण कोरं झाडलेलं. मधे चाकांचे दोन पट्टे जपून ठेवलेले. आणि गाडी... गाडीचं तोंड रस्त्याकडे, म्हणजे पंखही रस्त्याकडेच उघडलेले.

"रात्री गाडी कशी लावलीस रे?" मी ओरडले.

"रिव्हर्समध्ये!" तज्ज्ञ आतून म्हणाला. "सकाळी काढायला सोपं जातं. शहाणी माणसं नेहमी अशीच लावतात."

शेवटी शेजारीण कडी काढायला आली आणि वर विचारत होती, तुम्हाला कोंडून कोण गेलं? काय सांगणार? त्यानंतर आमच्या घरात एक नियम झाला. गाडी आत आणायची ती तोंडानं. तो पाळला की काही त्रास नाही. उलट अंगण रोज कुणीतरी झाडून ठेवतं, आणि काका त्या पावसाळ्यात इतके सुधारले की डॉक्टरच चक्रावले. माझं म्हणाल तर मला भीती नाही वाटत. म्हणजे फारशी नाही वाटत. फक्त कधीकधी खिडकी लागायच्या आधी तो औषधाचा वास माझ्या अगदी अंगावरून जातो, मी तिथे उभी असते, आणि तिच्या लेखी त्या जागेत कुणीच नसतं. तेव्हा मी पटकन स्वतःचा हात चाचपून बघते.

तर टायरचं म्हणाल, तुम्ही घेतलेत ते चांगलेच आहेत. पंखांच्या नक्षीचे, रस्त्यावरून येताना पाहिले मी. बाण बघून बसवलेत ना? मग झालं तर.

कुठे, तुम्हाला पाणी हवंय? थांबा, आणते... नळाला पाणी नाही वाटतं.

अहो, एक विचारू? तुम्ही गाडी कशी लावलीत अंगणात? तोंड आत ना?

...रिव्हर्समध्ये?

बरं. घाबरू नका. कंदील आहे आपल्याकडे. तुम्ही दाराच्या जवळ बसलाय, जरा बघा बरं, उघडतंय का.